वाढत्या अंगाची फ्रेम

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं तर मला कळतही नाही. ही वही सोनीची, मागच्या इयत्तेची. शेवटची पानं कोरी राहिली होती ती वापरतेय. कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहायला धजले. तरी कुणी वाचलंच तर चुका पोटात घाला.

आज रविवार. सकाळी बागेतल्या स्केटिंगच्या रिंगणावर एक शिट्टी ऐकून आले. दुपार झाली तरी ती कानातून जाईना. तेव्हा म्हटलं, अंबादास सरांबद्दल आता लिहूनच ठेवावं.

ते 'सर' फक्त सकाळी सहा ते आठ. त्यानंतर सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर. बिघडलेला माग चालू करून देणारा तो जॉबर. मी तिथंच टॉवेलच्या कडा शिवते. कारखान्यात इतका खडखडाट असतो की शेजारच्या बाईशीही आम्ही हातवारे करून बोलतो. त्या आवाजातून सर चालत जायचे, मध्येच थांबायचे, मान तिरकी करायचे आणि पलीकडच्या ओळीतल्या एका मागाकडे बोट दाखवायचे. "त्याचा नट ढिला झालाय." जाऊन बघावं तर झालेला असायचा.

माणूस काडीसारखा. खाकी पँट, गळ्यात कारखान्यातला सेकंड मालाचा, म्हणजे खोट निघालेला, टॉवेल. वरचे पुढचे चार दात नव्हते. पोरांना सांगायचे, "हाकी खेळताना गेले. सामना जिंकला, दात हरले." खरं म्हणजे तरुणपणी मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा उडून तोंडावर बसला होता, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. पण पोरांपुढे ती गोष्ट सांगताना ते इतके रंगात यायचे की आम्हीही कधी खोडली नाही.

दात नसल्यामुळे त्यांना शिट्टी वाजवता येत नव्हती. ओठांत धरली की सुळकन खाली पडायची, नाहीतर नुसती थुंकी उडायची. म्हणून त्यांच्या हातात लोखंडी पाना असायचा. रिंगणाच्या कठड्यावर एकदा ठणकन मारला की थांबायचं, दोनदा मारला की जवळ यायचं. पोरं त्या आवाजावर वाढली. पण सामन्यात पंच व्हायला शिट्टी लागते. नियम सगळे तोंडपाठ असूनही सरांना कुणी पंच म्हणून उभं करत नसे. त्याबद्दल ते एकदाच बोलले होते, तेही हसत. "पंचाला डोळे लागतात म्हणून मी डोळे जपले की अक्का. त्यांना दात पायजे होते."

मला ते अक्का म्हणायचे, वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे असूनही. त्यांच्या घरची भाषा तेलुगू. आमच्याशी मराठी बोलायचे, पण खूश झाले की तोंडातून "बागुंदी, बागुंदी!" निघायचं. म्हणजे छान. एवढं तेलुगू मलाही यायला लागलं.

सोनीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्यातच. ती नऊ वर्षांची असेल. शाळेला सुट्टी, तिचे बाबा पुण्याला हॉटेलात कामाला, घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून मी तिला बरोबर नेलं होतं. टॉवेलचे गठ्ठे न्यायच्या चाकाच्या गाडीवर ही एका पायानं उभी राहिली, दुसऱ्या पायानं रेटा दिला आणि दोन मागांच्या मधल्या बोळातून सुसाट निघाली. समोरून सर येत होते. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी त्यांच्या पायापाशी वळून थांबली होती आणि सर खाली वाकून सोनीची चप्पल उलटी करून बघत होते.

"ही पोरगी चाकावर भीत न्हाय," ते मला म्हणाले. "उद्या सहाला रिंगणावर आणा."

चप्पल का बघितली ते मला नंतर कळलं. रिंगणावर नवीन पोर आलं की सर आधी त्याची चप्पल मागायचे. टाच कुठल्या बाजूला झिजलीय ते बघायचे. "पोरं खोटं बोलतात, आईबाप त्याहून जास्त बोलतात. चप्पल न्हाय बोलत." एकदा चांगल्या घरची एक बाई नव्या कोऱ्या सँडलमध्ये मुलाला घेऊन आली. सर म्हणाले, "मॅडम, हे परत न्या आणि जुनी आणा. आणि जुनी धुऊन आणू नका."

तर सोनी हॉकी खेळायला लागली. एका ओळीत चाकं असलेले स्केट घालून काठीनं लाल चपटी चकती मारायची, ती इनलाइन हॉकी. दोन वर्षं ती सरांकडच्या जुन्या स्केटवर खेळली. बुटाखाली चाकं धरणारी जी पट्टी असते तिला फ्रेम म्हणतात. सोनीची फ्रेम प्लास्टिकची होती, जोर दिला की वाकायची, शेवटी तिला चीर गेली. आणि नेमकं तेव्हाच कळलं की राज्याच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी पुण्याला आहे. हातात पाच महिने.

सर म्हणाले, "फ्रेम बदलायची. घाई करू नका, मी बघतो."

पण मला कुणाला काही मागायची लाज वाटते. लहानपणापासून तशीच आहे. सरांनी आधीच फुकट शिकवलं, आता फ्रेमही त्यांनीच बघायची? दिवाळीचा बोनस हातात होता. सरांना न सांगता मी नवी पेठेत एका दुकानात गेले आणि म्हणाले, हॉकीची फ्रेम द्या, चांगली. दुकानदारानं दोन जोड पुढं ठेवले. एक आखूड, चार बारकी चाकं. दुसरा लांब, चकचकीत, तीन भलीमोठी चाकं. मी लांबचा घेतला. आमच्याकडे पोरांना कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची घेतात. फ्रॉक दोन बोटं लांब, बूट एक नंबर मोठा, पुढं कापूस घालून. मला वाटलं, पोरगी अकराची आहे, वाढेल, फ्रेम दोन-तीन वर्षं जाईल.

दुसऱ्या दिवशी सोनी ती घालून रिंगणात उतरली आणि बाणासारखी सुटली. सगळ्या पोरी मागं. मला कोण अभिमान वाटला. मग चकती उजवीकडे गेली. पोरी वळल्या. सोनी वळलीच नाही. ती सरळ गेली, गोलच्या जाळीला वळसा घालायच्या ऐवजी तिच्या पलीकडे गेली आणि कठड्यावर आदळली. उठली, पुन्हा सुटली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती कठड्याला धरून माझ्याकडे बघत राहिली. रडू येत होतं, पण माझ्यामुळे आवरत होती.

ठणकन पाना वाजला. सर माझ्याकडे आले.

"अक्का, फ्रेम कुणी निवडली?"

"मीच की सर."

"एवढी लांब का?"

"वाढत्या अंगाची घेतली."

सरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग ते हसायला लागले. पाना बाजूला ठेवून, पायरीवर बसून, टॉवेल तोंडाला लावून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. डोळे पुसून ते म्हणाले, "अक्का, तुम्ही शर्यतीची फ्रेम आणली. सरळ पळायला एक नंबर. पण हाकीत पळणं थोडं आणि वळणं लई. फ्रेम बुटाएवढी पायजे. तिला काय दुमडून टीप मारून आखूड करता येतंय व्हय?"

मग माझा चेहरा बघून टॉवेल खाली ठेवला. "चूक न्हाय तुमची. मी माझ्या पोराच्या मुंजीला कोट असाच घेतला होता. कोट बसायला लागला तोवर पोरगा सासुरवाडीला."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. एका गोणीतून चार जोड फ्रेम आणल्या, कुठनं कुठनं मागून. सेकंड टॉवेलच्या पट्ट्या फाडून चारही जोडांना गुंडाळल्या, चाकं तेवढी मोकळी. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "रंग दिसला की पोर रंग निवडतं. आणि आई किंमत निवडते. झाकलं की पाय निवडतो."

रोज एक जोड. सोनीनं त्यावर तासभर खेळायचं. खेळायच्या आधी सर तिला गुडघे वाकवून उभी करायचे. मागाचा ताण्याचा धागा घ्यायचे, त्याला खाली एक नट बांधायचे, आणि गुडघ्याच्या वाटीपासून तो खाली सोडायचे. नट फ्रेमच्या बरोबर मध्ये लोंबला पाहिजे. नाही लोंबला की बोल्ट सैल करून फ्रेम अर्धा सूत आत, अर्धा सूत बाहेर.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी कोपऱ्यात उभी होते. सर म्हणाले, "अक्का, इकडं या. तुम्ही टॉवेलची शिवण बघता न्हाय? वाकडी गेली की लांबून कळतं ना?"

"कळतं."

"मग पोरीच्या घोट्याकडं बघा. मी चकती बघतो, तुम्ही घोटा बघा. तिरका झाला की सांगायचं."

मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण घोटा बघायला बोलावं लागत नाही म्हणून बघत राहिले. दुसऱ्या जोडीच्या दिवशी, अर्ध्या तासानं, मला दिसलं. अगदी हळू म्हणाले, "डावा आत जातोय."

"काय?"

"डावा. आत."

सरांनी सोनीला बोलावलं, धागा सोडला. नट खरंच फ्रेमच्या मध्यापासून सरकला होता. ते उठून उभे राहिले. आणि रिंगणाभोवती बसलेल्या सगळ्या आईबापांना ऐकू जाईल असं ओरडले, "बागुंदी!"

चौथ्या जोडीवर सोनी वेगळीच दिसली. ती फ्रेम आखूड, ॲल्युमिनियमची. पुढची दोन चाकं जराशी लहान आणि मागची दोन मोठी, त्यामुळे अंग आपोआप पुढं झुकायचं. ती वळली की वाटायचं, वळायचं तिच्या मनात यायच्या आधीच पाय वळलाय. सर पोरींना लाडानं अम्मा म्हणायचे. त्यांनी विचारलं, "कशी वाटली अम्मा?" सोनी म्हणाली, "सर, मी फ्रेम विसरूनच गेले होते."

"हीच," सर म्हणाले.

ती फ्रेम महाग होती. माझ्या मोठ्या चाकांच्या फ्रेम सरांनी शर्यतीतल्या एका मुलीला विकून दिल्या, तरी सात हजार कमी पडत होते. मी म्हणाले, राहू द्या. सर दोन दिवसांनी तसाच नवा जोड, पट्ट्या गुंडाळून, घेऊनच आले. "पगाराला पाचशे-पाचशे द्या. पोरगी हरली तरी द्यायचे, जिंकली तरी द्यायचे. नाहीतर तुम्हाला वाटेल हे जुगाराचे पैसे." मग सोनीकडे वळून म्हणाले, "टॉवेल काढू का?" सोनीनं नको म्हणून मान हलवली. तिला आता त्या पट्ट्यांची सवय झाली होती.

तशाच पट्ट्या गुंडाळलेल्या फ्रेम घेऊन आम्ही पुण्याला गेलो. रिंगण बघून मी दारातच थांबले. आरशासारखी फरशी. मुलींचे एकाहून एक झगझगीत स्केट. एका मुलीचे वडील सोनीच्या पायाकडे बघून हसत म्हणाले, "हे काय? फ्रेमला लागलंय का?"

"अजून न्हाय साहेब," सर म्हणाले. "अजून तुमची पोरगी आडवी आली न्हाय."

मग त्यांनी खाली बसून फरशीवर तळवा घासला. दोनदा, तीनदा. आपलं सोलापूरचं सिमेंट खरबरीत, चाकं कडक असली तरी धरतात. इथं घसरणार. गोणीतून मऊ चाकांचा जोड निघाला. सर दहा मिनिटांत आठही चाकं बदलून मोकळे. खेळ सुरू झाल्यावर दोन मुली वळताना घसरून पडल्या, तेव्हा ते हसणारे साहेब आमच्या गोणीकडे बघायला लागले.

सोनी बरी खेळत होती. पण बरी खेळून निवड होत नाही. पुढं मोठ्या शहरांतल्या मुली होत्या, तिच्याहून हातभर उंच. दोनदा ती चकती घेऊन गोलपाशी गेली आणि दोन्ही वेळा डावीकडे वळताना तिचा तोल गेला. सर कठड्याच्या पलीकडे, प्रशिक्षकांच्या जागेत. मी अलीकडे, लोकांच्या गर्दीत. सर चकतीकडे बघत होते. मी घोट्याकडे. आणि मला दिसलं.

मला आजही कळत नाही तो आवाज कुठून आला. गर्दीतून, पदर डोक्यावरून पडलेला, मी ओरडले, "सर! डावा आत जातोय!"

सगळे वळून बघायला लागले. मी लाजेनं मरायची ती नंतर मेले. तेव्हा परत ओरडले, "डावा, सर! आत!"

सरांनी मान वर केली नाही, मला विचारलं नाही, खरंच का म्हणून. ठणकन पाना वाजवला. सोनीला हा आवाज जगात कुठंही ओळखू येतो. ती बाहेर आली. गाडीच्या प्रवासात गोणी आपटून की कसा कोण जाणे, डाव्या फ्रेमचा मागचा बोल्ट ढिला झाला होता. सरांनी फ्रेम जागेवर आणली, बोल्ट पिळला, धागा सोडून नट बघितला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "जा अम्मा. आता विसर फ्रेमला."

ती गेली. चकती घेतली. दोन उंच मुली समोर आल्या, ती उजवीकडे झुकली, त्या उजवीकडे गेल्या, आणि सोनी डावीकडे वळली. नुसती वळली नाही, जागच्या जागी फिरली, आणि चकती जाळीत. मग आणखी एक. मग शेवटी शेवटी तिसरा.

नावं वाचून दाखवली तेव्हा तिचं नाव चौथं होतं. मला ऐकूच आलं नाही. सरांनी गोणी खाली टाकली आणि त्या आरशासारख्या फरशीवर, बूट घालून, एकटेच दोन्ही हात वर करून फिरले. कुणीतरी त्यांना बूट काढायला सांगत होतं. ते हसणारे साहेब आले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्याही मुलीचा घोटा जरा बघाल का?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "घोट्याचं खातं त्यांच्याकडं हाय."

पेढे घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला आम्ही पद्माक्का म्हणतो. सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि सहज म्हणाल्या, "बरं झालं ओ. दाताचे पैसे कामी आले."

"कसले दाताचे?"

मग त्यांनी जीभ चावली. पण सांगावं लागलंच. सरांनी दोन वर्षं पैसे साठवले होते, कवळी करायला. डॉक्टरनं मापही घेतलं होतं. ते सगळे फ्रेममध्ये गेले. मी तोवर चार महिने पाचशे-पाचशे दिले होते, ते तरी साठले असतील म्हणून विचारलं. पद्माक्का हसल्या. "त्यांच्या हातात? पोरांची चाकं आणली की त्याची."

त्या दिवसापासून मी पैसे सरांना द्यायचे बंद केले. पद्माक्कांना द्यायला लागले. विडीच्या पानांच्या टोपलीखाली त्या ठेवायच्या. सरांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

आणि सरांनी मला एकदाही विचारलं नाही. दहा महिने त्यांना वाटत होतं की मी द्यायचं थांबवलं. पगाराच्या दिवशी सुट्टी झाली की ते सायकल घेऊन कारखान्याच्या मागच्या फाटकानं जायचे, लांबचा वळसा घालून. आधी मला कळेना का. मग लक्षात आलं, समोर आले तर मला मान खाली घालावी लागेल, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगणावर मात्र नेहमीसारखे. "अक्का, घोटा बघा."

गेल्या महिन्यात मी शेवटचे पाचशे दिले. पहिल्या चार महिन्यांचे चाकांत गेलेले पद्माक्कांनी विडीच्या मजुरीतून घातले आणि नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथं खुर्चीत बसल्यावर त्यांना सगळं सांगितलं. पद्माक्का म्हणाल्या, सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते डॉक्टरला म्हणाले, "वाढत्या अंगाची बसवू नका हं. बरोब्बर मापाची बसवा."

आज सकाळी ते रिंगणावर आले तेव्हा पोरं आधी ओळखीनात. तोंड भरल्यासारखं दिसत होतं, गाल वर आलेले, दहा वर्षांनी लहान. हातात पाना नव्हता. गळ्यात टॉवेलवर लाल दोरीची शिट्टी. पुढच्या रविवारी लातूरला मुलींचे सामने आहेत. सर पंच म्हणून जाणार आहेत, पहिल्यांदाच.

पोरी खेळत होत्या. सोनीनं चकती घेतली होती. सरांनी शिट्टी ओठांत धरली, नीट बसवली, छाती भरून घेतली आणि वाजवली. अशी लांब, अशी खणखणीत, की झाडावरची पाखरं उडाली आणि बागेत फिरायला आलेली माणसं जागच्या जागी थांबली. पोरी मात्र थांबल्याच नाहीत. त्यांना पान्याची सवय. सरांनी पुन्हा वाजवली. मग सोनी वळली, जागच्या जागी, आणि टाळ्या वाजवायला लागली, तशा सगळ्याच वाजवायला लागल्या.

आठ वाजले. सरांनी सायकल काढली. जाता जाता माझ्यापाशी थांबले. मी सवयीनं खाली बघितलं. ते म्हणाले, "अक्का, मान वर करा की. दहा महिने मला लांबून घरी जायला लावलंत."

मी मान वर केली. ते हसत होते, पुढच्या चारही दातांसकट.

"पैसे फिटले," ते म्हणाले. "पुरे फिटले." आणि बागेच्या पुढच्या फाटकातून, शिट्टी वाजवत गेले.